रस्ता टिकला, गुण टिकला का?

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरानं २०२० साली आठ वस्त्यांतल्या डांबरी रस्त्यांवर फिकट राखाडी लेप दिला. भर दुपारी ते साध्या डांबरापेक्षा १०.५ ते १२ अंश फॅरनहाइटनं थंड भरले. आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. पण अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मोजणीत, ऊन परतवण्याची त्यांची क्षमता १० महिन्यांत ३३-३८ टक्क्यांवरून १९-३० टक्क्यांवर उतरली. लेप जागेवर असतो. टायर घासून, धूळ बसून त्याचा उजळपणा जातो. वस्तू टिकते, गुण ओसरतो. आणि आपण दोन्हींना ‘टिकाऊपणा’च म्हणतो! थंडावा मोजायचा पहिल्या उन्हाळ्यातला आणि आयुष्य सांगायचं लेपाचं, या हिशेबावर आमचा आक्षेप आहे. नवा लेप कधी द्यायचा, हे उजळपणा मोजूनच ठरवायला नको का?