मूल्यमापनाची लोपलेली परिभाषा

एका परिभाषेतील विधान दुसऱ्या परिभाषेत अर्थहानी न होता नेता येत असेल, तर पहिलीचा त्याग हा केवळ सोयीचा प्रश्न असतो. ते तसे नेता येत नसेल, तर त्या त्यागाबरोबर काही विधाने करण्याची शक्यताच नष्ट होते. हा भेद भाषाभ्यासकांस परिचित आहे. तथापि संगणकप्रणालींचे कर्ते जुनी सुविधा काढून टाकताना तो क्वचितच विचारात घेतात. 'स्टॉकफिश' या बुद्धिबळाच्या प्रणालीतून फेब्रुवारी २०२४ मध्ये, १६.१ या आवृत्तीत, जे 'हस्तरचित मूल्यमापन' वगळण्यात आले, त्याचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे.

स्टॉकफिशचा उगम नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या 'ग्लाउरुंग' या प्रणालीत असून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये तिला नवे नाव व नवे वळण दिले. अशा प्रणालीचे कार्य दोन अंगांनी चालते. एक अंग पुढील संभाव्य खेळ्यांचा शोध घेते. दुसरे अंग शोधाच्या टोकाशी आलेल्या स्थितीचे मोल ठरविते. हे मोल ठरविण्याचे नियम प्रारंभी माणसांनी लिहिले होते. मोहऱ्यांचे बळ, प्याद्यांची रचना, मोहऱ्यांच्या हालचालीस असलेला वाव, राजाची सुरक्षितता, प्रतिपक्षास असलेले धोके, मुक्त प्यादी, पटावरील व्यापलेली जागा अशी त्यांची सदरे होती. एक आज्ञा दिली असता प्रणाली या सदरांचा तक्ता पुढे ठेवीत असे. पांढऱ्यास किती, काळ्यास किती, डावाच्या मध्यात किती व अखेरीस किती, असे प्रत्येक सदराचे गुण त्यात मांडलेले असत आणि त्यांची बेरीज हाच प्रणालीचा निर्णय असे.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ही व्यवस्था बदलू लागली. जपानी बुद्धिबळ अर्थात शोगी या खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये योजिलेले एनएनयूई हे मज्जाजालतत्त्वावरील तंत्र स्टॉकफिशने स्वीकारले. कोट्यवधी स्थितींवरून हे जाल स्वतःच मोल ठरविण्यास शिकते. त्याच्या आकड्यांना मानवी नावे नसतात. काही काळ दोन्ही पद्धती एकत्र नांदल्या. सोळाव्या आवृत्तीपर्यंत (जून २०२३) एक पर्याय बंद केला की जुने मूल्यमापन पूर्ववत कार्य करीत असे. १६.१ मध्ये ती सोय उरली नाही.

या दोहोंच्या मधला एक बदल भाषिकदृष्ट्या अधिक लक्षणीय आहे. प्रणालीचा निर्णय परंपरेने 'प्यादे' या एककात सांगितला जाई. अधिक एक म्हणजे सुमारे एका प्याद्याइतके वर्चस्व. डिसेंबर २०२२ मधील १५.१ या आवृत्तीपासून या चिन्हाचा अर्थ बदलला. प्रणाली स्वतःशीच दीर्घ अवधीचे डाव खेळत असता विजयाची शक्यता पन्नास टक्के असेल, तर ती स्थिती 'अधिक एक' होय, असे ठरविण्यात आले. चिन्ह तेच राहिले, अर्थ पालटला. शब्द तोच राहून अर्थ सरकल्याची उदाहरणे भाषेच्या इतिहासात विपुल आहेत, परंतु तेथे हा बदल पिढ्यान्‌पिढ्या घडत जातो. येथे तो एका आवृत्तीच्या फरकाने घडला.

यावर असा आक्षेप संभवतो की, बुद्धिबळाने यापूर्वीही आपली परिभाषा बदलली असून त्यात काही बिघडले नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९८१ पासून केवळ बैजिक लेखनपद्धतीस मान्यता ठेवली आणि इंग्रजी पुस्तकांतून रुळलेली वर्णनात्मक पद्धती मागे पडली. त्या पद्धतीत प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने घरे मोजी. त्यामुळे एकाच घरास दोन नावे असत. परंतु 'राजापुढील प्यादे राजाच्या चौथ्या घरात' ही पांढऱ्याची खेळी आणि 'ई४' ही खेळी एकच आहे. पट समोर असला की एकीवरून दुसरी यांत्रिकपणे सिद्ध होते. हे लिप्यंतर आहे. मोडीतील दप्तर देवनागरीत आणताना ऱ्हस्वदीर्घाचा भेद संदर्भावरून पुरवावा लागतो, तितकीही अडचण येथे येत नाही. म्हणून वर्णनात्मक पद्धती वाचण्याची सोय एखाद्या प्रणालीने काढून टाकली, तर वाचकाची गैरसोय होईल, ज्ञानाची हानी होणार नाही.

हस्तरचित मूल्यमापनाची गोष्ट निराळी आहे. जालाने दिलेल्या आकड्यावरून 'राजा उघडा पडला आहे' किंवा 'घोड्यास वाव नाही' या विधानांकडे जाण्याचा नियम उपलब्ध नाही. आजही ती आज्ञा काही माहिती देते. प्रत्येक मोहरे पटावरून उचलले असता आकडा कितीने बदलतो, हे ती सांगते, आणि एकूण मोलाचे मोहऱ्यांचे व स्थितीचे असे दोन भाग दाखविते. परंतु 'स्थिती' या एका शब्दाखाली पूर्वीची दहा सदरे गडप झालेली आहेत.

प्रणालीकर्त्यांची बाजू दुर्बल नाही. बाराव्या आवृत्तीने अकरावीविरुद्ध हरलेल्या जोड-डावांच्या किमान दहापट जोड-डाव जिंकावेत, इतका बळाचा फरक होता. न वापरली जाणारी दुसरी यंत्रणा सांभाळण्यात श्रम व्यर्थ जातात. त्यांचा सर्वांत समर्पक युक्तिवाद मात्र वेगळाच ठरतो. २०२० नंतर निर्णय जालाचा आणि स्पष्टीकरण जुन्या तक्त्याचे, अशी स्थिती निर्माण झाली होती. न्यायाधीशाने निकाल द्यावा आणि कारणे भलत्यानेच लिहावीत, तसा तो प्रकार होता. शिवाय जुन्या तक्त्यातील सदरांची नावे जरी माणसांची असली, तरी त्यांचे गुण असंख्य चाचणी-डावांतून ठरविलेले होते. तो तक्ता निखळ मानवी विचार होता, असेही म्हणता येणार नाही.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. मुळशी तालुक्यातील एखाद्या शाळेत मुलांना बुद्धिबळ शिकविणारा शिक्षक कल्पावा. जुना तक्ता समोर असता तो मुलांना विचारू शकत होता, 'राजाच्या सुरक्षिततेला इतके कमी गुण का? तुम्हांस ते पटते काय?' मूल एका सदराशी सहमत होऊन दुसऱ्याशी मतभेद दाखवू शकत होते. तक्ता चुकला तरी तो कोठे चुकला, हे बोट ठेवून दाखविता येत होते. नव्या आकड्याशी असा वाद घालता येत नाही. तो संपूर्ण स्वीकारावा लागतो किंवा संपूर्ण नाकारावा लागतो, आणि त्याचे बळ पाहता तो नाकारण्याचे धैर्य कोणी करीत नाही. लोपले आहे ते निर्णयाची चिकित्सा करण्याचे साधन.

अशा साधनाची आवश्यकता जुन्या लोकांनी ओळखली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले, तेव्हा ते युरोपीय खेळपद्धतीस अनुरूप करून घेतल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद केले होते. दोन पद्धतींमध्ये अंतर असेल, तर त्यांना जोडणारा दुवा ग्रंथाबरोबरच द्यावा, ही ती दृष्टी होय.

जुने मूल्यमापन मुख्य प्रणालीत परत आणावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ते निर्णयाचे कारण म्हणून नव्हे, तर शिकविण्याचे स्वतंत्र साधन म्हणून, तसे स्पष्ट सांगून ठेवता आले असते. सुदैवाने स्टॉकफिशचा परवाना मुक्त आहे. सोळाव्या आवृत्तीची संहिता कोणासही घेता व बदलता येते. तिच्या सदरांना मराठी नावे देणे आणि कोणत्या सदरांचा कौल जालाच्या कौलाशी जुळतो व कोणत्यांचा जुळत नाही, हे स्थितिवार तपासणे, हे काम एखाद्या विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातील आहे. जेथे दोन्ही कौल जुळतील, तेथे आपले शब्द अद्याप पुरेसे आहेत, असे समजावे. जेथे ते जुळणार नाहीत, तेथे नवा शब्द घडविण्याची गरज आहे, आणि ते कार्य यंत्राचे नव्हे.