परवाना कोणाचा, साक्ष कोणाची?

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर’ ही कथा १९३६ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्याविषयी वाद होत आला तो मुख्यतः एका प्रश्नावर. शेवटी मार्गोटने झाडलेली गोळी नवऱ्याला चुकून लागली, की तिने ती हेतुपुरस्सर घातली? हा वाद रंजक खरा. पण त्याने कथेचा कणा हाती लागत नाही. तो शोधायचा तर शिकारीच्या परवान्याकडे पाहावे लागते.

कथानक थोडक्यात असे. मॅकोम्बर हा पस्तिशीचा धनाढ्य अमेरिकन पत्नीसह पूर्व आफ्रिकेत शिकारीला आला आहे. दिमतीला रॉबर्ट विल्सन हा व्यावसायिक गोरा शिकारी. जखमी सिंह चालून येताच मॅकोम्बर पाठ फिरवून पळतो. त्या रात्री मार्गोट विल्सनच्या तंबूत जाते. दुसऱ्या दिवशी रानरेड्यांच्या शिकारीत मॅकोम्बरची भीती पार नाहीशी होते, आणि तो मर्दासारखा उभा राहतो तोच पत्नीची गोळी त्याच्या डोक्यात शिरते.

ही शिकार म्हणजे मोकळे रान नव्हते. १९०० सालच्या लंडन करारात वसाहतवाल्या सत्तांनी परवान्याचे तत्त्व लिहून ठेवले होते. कोणत्या परवान्यावर कोणते जनावर आणि किती, हे ठरलेले असे. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चालत असल्याने ही फीसुद्धा रुपयांत मोजली जाई. नोव्हेंबर १९३३ मध्ये लंडनलाच दुसरा करार झाला आणि मोटारीतून वा विमानातून शिकार करणे त्यात निषिद्ध ठरले. पुढच्याच महिन्यात हेमिंग्वे मोंबासाला उतरले. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही मुळात मोठ्या शिकारीचा स्वतंत्र परवाना होता, आणि वाहनातून शिकारीला मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवानेच गेले. केनियाने तर १९७७ सालीच शिकार बंद केली.

कथेत कायदा तीनदा डोकावतो. पहिल्यांदा जेवणाच्या वेळी. एक नोकर मॅकोम्बरकडे कुतूहलाने पाहतो. विल्सन त्याला स्वाहिलीत दरडावतो आणि फटक्यांची धमकी देतो. फटके बेकायदा आहेत, दंड करायचा असा नियम आहे, हे तो स्वतःच पाहुण्यांना सांगतो. नोकर तक्रार करू शकतील. पण दंडापेक्षा त्यांना फटकेच बरे वाटतात, असेही तो म्हणतो. हे सांगतो विल्सन. नोकराला कोणी विचारत नाही. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना इथे एक गोष्ट चटकन जाणवावी. हुकूम नोकराच्या कानावर पडणाऱ्या भाषेत सुटतो, आणि त्याच्या हक्काची चर्चा साहेबांच्या भाषेत होते.

दुसऱ्यांदा, मोटारीतून रेड्यांचा पाठलाग झाल्यावर. हे नैरोबीत कळले तर काय होईल, असे मार्गोट विचारते. परवाना जाईल आणि धंदाही बसेल, अशी कबुली विल्सन देतो. मॅकोम्बर त्या दिवसात पहिल्यांदाच हसतो, कारण आता विल्सनची शेंडी बायकोच्या हाती आली आहे. नोकराच्या पाठीवरच्या फटक्यांनी ज्या विल्सनचे काही बिघडत नाही, तोच मोटारीच्या गोष्टीने हबकतो. कायदा दोन्हीकडे मोडला आहे. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी तो मोडताना पाहणारी व्यक्ती तक्रार करू शकेल अशी आहे.

तिसऱ्यांदा, मॅकोम्बर पडल्यावर. विल्सन लगेच चौकशीची तयारी करतो: छायाचित्रे घ्यायची, शिवाय बंदुका वाहणाऱ्या नोकरांची आणि ड्रायव्हरची साक्ष आहेच. ज्यांची तक्रार कधी नैरोबीला पोचली नाही, त्यांची साक्ष मात्र आता पोचणार! मार्गोट गप्प होते. तिच्याकडे मोटारीची गोष्ट, त्याच्याकडे गोळीची. दोघांची तोंडे बंद.

विल्सन हा हेमिंग्वेंचा आदर्श पुरुष, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पाठलागात धोका होता म्हणून तो न्याय्यच होता, अशी सोयीची नीती त्याच्या तोंडी घालणारा लेखक त्याच्यावर भाळलेला असेल असे वाटत नाही. कागदावरचा परवाना आणि माणसाची लायकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हेमिंग्वेंनी नेमके ओळखले आहे.

मात्र एका ठिकाणी ही श्रेष्ठ कथा कमी पडते. सारे काही डोळ्यांनी पाहिलेल्या त्या नोकरांना लेखक साक्षीदार करतो, पण बोलू देत नाही. चौकशीत ते काय सांगतील, हेही विल्सनच सांगून टाकतो.