कार्बन फायबरची गिटार आणि वालूरचा मे महिना: तुलना नेमकी कशाची?

‘कार्बन फायबरची गिटार लाकडी गिटारपेक्षा चांगली वाजते का आणि जास्त टिकते का?’ हे वाक्य तुम्ही पीएचडीच्या प्रपोजलमध्ये लिहून बघा. गाइड पहिल्या ओळीखालीच लाल रेघ ओढतील. एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, ‘चांगली’ म्हणजे काय ते कुठेच सांगितलेलं नाही, आणि ‘टिकते’ कशाच्या विरुद्ध, ऊन की पाऊस की हातातून पडणं, तेही नाही. तरी या विषयावरचे बहुतेक रिव्ह्यू याच वाक्यावर उभे असतात. म्हणून आज पेपरऐवजी हीच तुलना तपासायला घेतली आहे.

माझं कारण अगदी घरगुती आहे. मागच्या मे महिन्यात वालूरला घरी आले तेव्हा गिटार कपाटावर ठेवली होती, वर पत्रा. दहा-बारा दिवसांनी पाहिलं तर वरच्या फळीला ब्रिजच्या खालून बारीक तडा. घरच्यांचं निदान तयार होतं: ‘उन्हानं तडकली.’ ते पूर्ण बरोबर नाही. आणि कार्बनच्या गिटारबद्दल जे काही बोलायचं ते या चुकीच्या निदानापासूनच सुरू होतं.

लाकूड तडकतं ते उष्णतेपेक्षा कोरड्या हवेनं. आपल्याकडे ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, मे महिन्यात दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास येते. हवेत ओलावा ८० टक्के असेल तर लाकडात, त्याच्या वजनाच्या हिशेबानं, साधारण १६ टक्के पाणी मुरलेलं असतं. २० टक्क्यांच्या हवेत ते ४-५ टक्क्यांवर येतं. सिट्का स्प्रूस, म्हणजे बहुतेक गिटारच्या वरच्या फळीचं लाकूड, त्रिज्येच्या दिशेनं दर एक टक्का ओलाव्यामागे सुमारे ०.१५ टक्के आकसतं. फळीची सर्वांत रुंद जागा ३९० मिमी धरा. ११ गुणिले ०.१५ गुणिले ३९०: सहा मिमीच्या वर! सहा मिमी आकसायला निघालेली फळी आतल्या आडव्या पट्ट्यांनी आणि कडेनं घट्ट चिकटवून ठेवलेली. ती दुसरं काय करणार?

वालूरच्या बारवेच्या पायऱ्या उतरताना हवा बदलल्याचं अंगाला कळतं, लाकडालाही कळतंच. कार्बन-इपॉक्सीला हे जवळजवळ कळत नाही. इपॉक्सी पाणी घेतं, पण फार थोडं आणि फार सावकाश; तंतूंच्या दिशेनं आकार बदलणं नगण्य. त्यामुळे ‘ओलाव्याविरुद्ध टिकते का?’ असा नीट प्रश्न विचारला तर उत्तर सरळ ‘हो’ आहे. रेनसाँग ही कार्बनच्या गिटारची सुरुवातीची कंपनी हवाईतल्या माऊई बेटावर जॉन डेकर यांनी काढली, तेही दमट समुद्री हवेला वैतागून. आपला प्रश्न उलटा आहे, आपल्याकडे कोरडेपणा मारतो. औषध मात्र तेच.

इथवर कार्बनच्या बाजूनं बोलले. पुढचा दावा जाहिरातीत हमखास असतो: ‘कधीच बेसूर होत नाही.’

कागद घ्या. ०.०१२ इंच जाडीची पहिली तार सुरात लावली की तिच्यावर सुमारे १०४ न्यूटन ताण असतो. तारेचा छेद ०.०७३ चौ. मिमी, म्हणजे प्रतिबल १४०० मेगापास्कलच्या थोडं वर. आता तापमान २० अंशांनी वाढलं. पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंशाला दशलक्षात १२, यंग गुणांक २०० गिगापास्कल. तारेची दोन्ही टोकं जागच्या जागी राहिली तर ४८ मेगापास्कल प्रतिबल कमी होतं. ही घट ३.४ टक्के, वारंवारता ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून १.७ टक्के, म्हणजे जवळपास ३० सेंट. अर्ध्या सुराचे १०० सेंट असतात, तेव्हा हे कोणाच्याही कानाला कळेल. गंमत पुढे आहे. लाकूड रेषेच्या दिशेनं थोडंसं, दशलक्षात चारेक, प्रसरण पावतं आणि तारेला तेवढी ओढून धरतं. त्यामुळे लाकडी गिटार याच उन्हात अंदाजे २० सेंट उतरेल. कार्बन तंतूंच्या दिशेनं जवळपास प्रसरणच पावत नाही, म्हणून ती ३० सेंट उतरेल. मान किती वाकते वगैरे मी सोडून दिलंय, पण दिशा हीच. आठवड्या-महिन्यांचा ओलाव्याचा खेळ कार्बन जिंकतो, सावलीतून उन्हात नेल्यावरची पाच मिनिटं हरतो. ‘सुरात राहते’ या एका वाक्यात दोन वेगळ्या भौतिक घटना कोंबल्या आहेत.

आणि उष्णतेचंच बोलायचं तर बंद गाडीत ऊन लागलं की आतलं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं. खोलीच्या तापमानाला कडक केलेलं इपॉक्सी साधारण त्याच सुमाराला मऊ पडू लागतं. भट्टीत शिजवलेलं बरंच पुढे तग धरतं. कुठल्या गिटारमध्ये कुठलं आहे हे रिव्ह्यूत कोणी विचारत नाही.

टिकाऊपणाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट कायम राहून जाते: दुरुस्ती. सप्ताहातली वीणा आठवा. सात दिवस रात्रंदिवस ती उभ्या माणसाच्या गळ्यात असते, हातोहात बदलते, जमिनीवर ठेवायची नाही. पहाटे तीनला डुलकी लागलेल्या माणसाच्या हातून भोपळा कशावर तरी आपटतोच. आपटल्यावर तो फुटतो, हे खरं. पण मिरजेत भोपळा आणि लाकूड जोडणाऱ्या घराण्यांच्या पिढ्या गेल्या आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. फुटलेलं वाद्य तिथं नेता येतं. कार्बनचं कवच सहसा फुटत नाही. पण जोरदार मार बसला तर थर आतून सुटतात आणि बाहेर फक्त एक ओरखडा दिसतो. ते दुरुस्त करायचं तर इपॉक्सी, कापड, व्हॅक्यूम आणि हे काम येणारा माणूस लागतो. परभणी जिल्ह्यात तो मला तरी माहीत नाही. माझ्या लाकडी गिटारचा तडा मात्र आतून पातळ चिप्पी लावून, सरस भरून एका संध्याकाळी बुजला.

आता नादाकडे. खरी भानगड इथं आहे.

‘कार्बन जास्त ताठ, म्हणून आवाज मोठा’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. वरच्या फळीसाठी नुसता ताठपणा पुरत नाही. ध्वनीचा वेग भागिले घनता हे गुणोत्तर मोठं हवं. उलरिके वेग्स्ट यांचा २००६ चा ‘वूड फॉर साउंड’ हा लेख वाद्यांची लाकडं अशाच आकड्यांवर मांडतो. साहित्य-निवडीवर काम करणार असाल तर तो वाचाच. स्प्रूसमध्ये रेषेच्या दिशेनं वेग सुमारे ५००० मीटर प्रति सेकंद, घनता ४३० किलो प्रति घनमीटर: गुणोत्तर १२ च्या जवळ. एकाच दिशेनं तंतू असलेल्या कार्बन-इपॉक्सीत वेग ९२०० पर्यंत जातो, पण घनता १६००: गुणोत्तर सहाच्याही खाली. ताठपणा दहापटीहून जास्त असून साहित्य निम्म्यावर आलं! हलकेपणातच स्प्रूसची ताकद आहे.

मग कार्बनच्या गिटार वाजतात कशा? तर रचनेनं. १९७५ मध्येच हेन्स, हचिन्स आणि सहकाऱ्यांनी ग्राफाइट-इपॉक्सीच्या फळीचं एक व्हायोलिन आणि एक गिटार करून पाहिली होती, बाहेर कार्बनचे थर आणि मध्ये हलका गाभा. त्याच दशकात ओव्हेशनची अॅडमास आली: दोन कार्बन थरांमध्ये बर्चची पातळ पापडी. गाभा हलका ठेवला की एकूण घनता उतरते आणि गुणोत्तर सुधारतं. रेनसाँगनं फळीखालच्या पट्ट्याच काढून टाकल्या. लावा मी मध्ये सगळी बॉडी इंजेक्शन मोल्डिंगनं काढतात. त्या प्रक्रियेत लांब सलग तंतू जाऊच शकत नाहीत, तेव्हा तिथला ‘कार्बन’ आणि अॅडमासचा ‘कार्बन’ नावापुरतेच सारखे. एकाच शब्दाखाली तीन साहित्यं, तीन रचना. आणि लावा मी २ मध्ये बॉडीच थरथरवून रिव्हर्ब देणारी यंत्रणा आहे. ती चालू ठेवून ‘कार्बनचा नाद घुमतो’ म्हणणं म्हणजे मोटर लावलेल्या सायकलला टायरचं श्रेय देणं.

‘कार्बन मेटॅलिक वाजतं’ या तक्रारीत मात्र तथ्य असावं असं मला वाटतं. लाकडात वारंवारता वाढेल तसं अवमंदन वाढतं. वरचे तीक्ष्ण स्वरांश लाकूड गाळून टाकतं. कार्बनची फळी तितकं गाळत नाही. पण हाही गुण थरांची मांडणी बदलून बदलतो, साहित्याच्या कपाळावर लिहिलेला नाही.

या चर्चेत एक अभ्यास फार फेकला जातो. २०१८ मध्ये कार्कान्यो, वुडहाउस, फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी सहा गिटार तपासल्या. सगळ्या एकाच आराखड्याच्या, फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडाचा. ५२ वादकांनी अंधूक उजेडात, वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या. ब्राझिलियन रोझवूड असो की सपेली, गुणांत फरक जवळजवळ नाही. यावरून लोक ‘साहित्यानं फरकच पडत नाही’ इथं उडी मारतात. थांबा. सहाही गिटारची वरची फळी सारखी होती! प्रयोगानं जे स्थिर ठेवलं, त्याबद्दल तो काही सांगत नाही. कार्बनबद्दल तर नाहीच. त्यातून उचलायचा तो निष्कर्ष नव्हे, रचना उचलायची: एक गोष्ट बदला, बाकी बांधून ठेवा, वाजवणाऱ्याचे डोळे बांधा. दुकानातल्या रिव्ह्यूत आकार वेगळा, तारा वेगळ्या, किंमत वेगळी, आणि हातात काळी चकचकीत गिटार दिसत असते.

मला हा प्रयोग करायचा झाला तर एकाच साच्याच्या दोन गिटार घेईन. एकीची फक्त फळी स्प्रूसची, दुसरीची हलक्या गाभ्याच्या कार्बनची, आणि दोन्ही फळ्यांचा पहिला कंपनविधा एकाच वारंवारतेला आणलेला. तारा एकाच पाकिटातल्या. तरीही वजनाची अडचण राहील, गॉगल लावला तरी मांडीला गिटार जड लागते की हलकी ते कळतंच. यावर तोडगा सुचला तर कमेंटमध्ये लिहा, मला अजून सापडलेला नाही.

तोवर माझी लाकडी गिटार बंद केसमध्ये, छिद्रं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवून. मे महिन्यात स्पंज दर दोन दिवसांनी सुकतो.