दिल्ली एअरपोर्ट मेट्रोचा निकाल : उत्तर बरोबर, वाट अडचणीची

लवादावर संशोधन करू पाहणारे बरेच विद्यार्थी एकाच प्रश्नापासून सुरुवात करतात : न्यायालयाने लवादाच्या निवाड्यात हस्तक्षेप करावा की नाही? प्रश्न चुकीचा नाही, पण इतका मोठा आहे की त्याचं उत्तर घोषणेसारखं येतं. म्हणून आज एकच निकाल घेऊ. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन विरुद्ध दिल्ली एअरपोर्ट मेट्रो एक्स्प्रेस, सर्वोच्च न्यायालय, १० एप्रिल २०२४. माझं म्हणणं आधीच सांगते. निवाड्यातली उणीव न्यायालयाने नेमकी ओळखली. पण तिथे पोचायला जी वाट धरली, तिचं समर्थन निकालपत्रात अपुरं आहे.

आधी घटना. २००८ च्या करारानुसार खासगी कंपनीने विमानतळ मार्गावरची मेट्रो चालवायची होती. बांधकामात दोष आहेत म्हणून जुलै २०१२ मध्ये गाड्या थांबल्या आणि कंपनीने नोटीस दिली. करारातली अट अशी : नोटिशीनंतर ९० दिवसांत दोष दूर झाले नाहीत, किंवा ते दूर करण्यासाठी परिणामकारक पावलं उचलली गेली नाहीत, तर करार संपवता येईल. ८ ऑक्टोबर २०१२ ला कंपनीने करार संपवला. पुढे दोन्ही पक्षांनी मिळून मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे अर्ज केला. जानेवारी २०१३ मध्ये वेगमर्यादेच्या अटीवर मंजुरी मिळाली आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. मे २०१७ मध्ये तीन लवादांनी कंपनीच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपयांचा निवाडा दिला, व्याज वेगळं.

त्यानंतरचा प्रवास बघा. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी निवाडा कायम ठेवला (२०१८). खंडपीठाने तो रद्द केला (२०१९). सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी तो पुन्हा उभा केला (२०२१) आणि पुनर्विलोकन याचिकाही फेटाळली. शेवटी क्युरेटिव्ह याचिकेत तीन न्यायाधीशांनी खंडपीठाचा निर्णय परत आणला.

आता मुद्द्याचं. ‘पंचांमुखी परमेश्वर’ ही म्हण लवादाला लागू करू नका. गावच्या पंचाला आपल्या न्यायबुद्धीने निवाडा देता येत असे. १९९६ च्या कायद्यातल्या लवादाला तशी मोकळीक फक्त पक्षकारांनी स्पष्ट शब्दांत दिली तरच मिळते. हे कलम २८(२) सांगतं. एरवी कलम २८(३) प्रमाणे त्याने कराराच्या अटी विचारात घ्यायच्या आणि कलम ३१(३) प्रमाणे कारणं द्यायची. लवादाचा अधिकार करारातूनच येतो, त्यामुळे करारातला शब्द गाळायची मुभा त्याला नाही.

इथे नेमका तोच शब्द हुकला. करारात ‘दोष दूर करणे’ आणि ‘परिणामकारक पावलं उचलणे’ असे दोन पर्याय होते. निवाड्याचा भर पहिल्यावर राहिला. मेट्रोने केलेली कामं परिणामकारक का नव्हती, याचं स्पष्टीकरण निवाड्यात नाही, हे न्यायालयाचं निरीक्षण मला पटतं. मंजुरीचं प्रमाणपत्र ९० दिवस उलटल्यावर आलं, हे खरं. पण मुदतीत उचललेल्या पावलांचा परिणाम पुढे दिसू शकतोच. म्हणून तारीख उशिराची आहे एवढ्यावर तो पुरावा निरुपयोगी ठरत नाही.

तरीही इथेच थांबून एक प्रश्न विचारायला हवा. कलम ३४(२-अ) नुसार उघड बेकायदेशीरपणा असेल तर निवाडा रद्द होतो, मात्र पुराव्याचं नुसतं फेरमूल्यांकन करून तो रद्द करता येत नाही. मग ‘लवादाने पुरावा पाहिलाच नाही’ आणि ‘पाहिला, पण गैरलागू ठरवला’ यातली सीमा कुठे? २०२१ च्या पीठाला प्रमाणपत्र या वादात निर्णायक वाटलं नाही, २०२४ च्या पीठाला तोच पुरावा कळीचा वाटला. निकष दोघांचा एकच आणि उत्तरं उलट. अशा वेळी निकष लावण्याची रीत पायरी-पायरीने दाखवणं ही नंतरच्या पीठाची जबाबदारी होती, आणि निकालपत्र तिथे घाई करतं. ‘कारणच दिलेलं नाही’ या एका मुद्द्यावर उभं राहिलं असतं, तर ते जास्त भक्कम झालं असतं. कारण नसणं हे निवाडा वाचून कळतं, त्यासाठी पुरावा पुन्हा तोलावा लागत नाही.

दुसरी अडचण क्युरेटिव्ह याचिकेची. रूपा अशोक हुर्रा खटल्यात (२००२) ही वाट नैसर्गिक न्यायाचा भंग, पक्षपाताची शंका किंवा घोर अन्याय अशा विरळ प्रसंगांसाठी उघडली गेली. आधीच्या पीठाची चूक झाली, एवढं इथे पुरत नाही. चुकीचं रूपांतर घोर अन्यायात कधी होतं, हे सांगावं लागतं. निकालपत्र स्वतःच बजावतं की याचा वापर लवादात चौथी-पाचवी पायरी म्हणून होऊ नये. पण पुढच्या पक्षकाराला अडवणारी कसोटी मात्र देत नाही. सार्वजनिक पैसा पणाला लागला होता म्हणून ही वाट उघडली, असं कुणी वाचलं तर त्याला काय उत्तर द्यायचं? सरकारी संस्थेसोबत करार करणाऱ्या प्रत्येकासाठी हा प्रश्न खरा आहे. निवाडा अंतिम कधी होतो हे न कळणं हाही एक खर्चच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये गायत्री बालसामी खटल्यात घटनापीठाने ४ विरुद्ध १ बहुमताने मर्यादित परिस्थितीत न्यायालय निवाड्यात बदल करू शकतं, असं ठरवलं. म्हणजे आता ‘ठेवा किंवा रद्द करा’ एवढेच पर्याय उरलेले नाहीत. मेट्रोच्या खटल्यात मात्र बदलाने काम भागलं असतं असं वाटत नाही, कारण करार संपवणंच वैध की अवैध यावर सगळी रक्कम उभी होती.

संशोधनाचा विषय शोधत असाल तर इथे एक तयार आहे. निकाल वाचताना तीन रकाने करा : कराराने काय विचारलं, लवादाने कशाचं उत्तर दिलं, न्यायालयाला काय तपासायची मुभा होती. पहिला आणि दुसरा रकाना जुळत नसेल तर लवादावर टीका करा, दुसरा आणि तिसरा जुळत नसेल तर न्यायालयावर. या खटल्यात दोन्ही कराव्या लागतात, आणि एक केली म्हणून दुसरी माफ होत नाही.