षड्ज हलू द्या

सॅक्सोफोन आणि तबला एका मंचावर आले की पुढे काय होणार, हे हल्ली कार्यक्रमपत्रिका वाचूनच कळते. तानपुरा सुरू होतो, सॅक्सोफोनवादक डोळे मिटून पाच स्वरांत आलापासारखे काही वाजवतो, मग तबला येतो, लय चढते, सवाल-जवाब झडतात आणि शेवटी तिहाई. टाळ्यांचा कडकडाट होतो. मुंबई-पुण्यात हे चालते, युरोपातल्या महोत्सवांतही हेच चालते. दोन समर्थ परंपरा तासभर शेजारी बसल्या आणि दोघींपैकी एकीचाही केस हलला नाही, याचा मला संताप येतो.

अडचण खरी आहे. रागाला अचल षड्ज लागतो. जॅझमध्ये मात्र सुरावटीखालची जमीन सतत सरकत असते. यमनातला तीव्र मध्यम घ्या. पंचमाकडे झेपावणारा तो स्वर. पण खालचा आधारस्वर षड्जावरून रिषभावर गेला की तोच मध्यम शुद्ध गंधार होऊन स्वस्थ बसतो. त्याची सगळी ओढ संपते. तेव्हा सोपा मार्ग एकच उरतो : कॉर्ड काढून टाका, जॅझवाल्याला तानपुऱ्यावर बसवा. सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि संगीतकार जॉन मेयर यांनी १९६६ मध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ केले तेव्हा हा प्रयोग नवा होता, त्यात धाडस होते. तरीही ते ऐकताना दोन चमू शेजारशेजारी बसून आपापले वाजवत असल्यासारखे वाटते. ‘फ्री फॉर्म’सारखी मोकळी ध्वनिमुद्रिका करणारा हॅरियट इथे बांधल्यासारखा वाजतो. कोल्ट्रेनचे ‘इंडिया’ (१९६१) वेगळे. ती एका माणसाची स्वतःची तहान होती. यान गार्बारेकचे ‘रागाज अँड सागाज’ देखणे आहे, त्यापलीकडे काही नाही. सोप्रानोवर फिल्मी चाली गुळगुळीत करून वाजवणाऱ्यांबद्दल लिहिण्याची गरज नाही. सॉनी रॉलिन्स पवईच्या आश्रमात राहून गेले, १९७८ च्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात मुंबईत वाजवून गेले. पण त्या मुक्कामाची पावती म्हणून त्यांनी रागांचा अल्बम काढला नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्यामुळे वाढलाच. आपल्या गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांवर आधारलेल्या जॅझचे प्रयोग केले, त्यांची दखल आपण जेवढी घ्यायला हवी होती तेवढी कधीच घेतली नाही.

या सगळ्यात मला खऱ्या अर्थाने पुढे गेलेला दिसतो तो रुद्रेश महंतप्पा. कोलोरॅडोत वाढलेला, बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेला, चार्ली पार्करवर पोसलेला ऑल्टोवादक. विद्यार्थिदशेत मोठ्या भावाने गंमत म्हणून त्याला कद्री गोपालनाथ यांची ध्वनिमुद्रिका दिली आणि त्याचे कान बदलले. गोपालनाथांनी काय केले होते? सॅक्सोफोनसारख्या चाव्यांच्या वाद्यावर, जिथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र भोक आहे, तिथे कर्नाटक संगीतातले गमक उतरवले होते. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये ऐकलेले वाद्य त्यांनी ओठांच्या आणि श्वासाच्या दाबाने वाकवले, वाद्यातही स्वतःला हवे ते फेरफार करून घेतले.

२००८ ची ‘किन्समेन’ ही या दोघांची ध्वनिमुद्रिका. दोन ऑल्टो, कन्याकुमारींचे व्हायोलिन, मृदंगम, आणि त्यांच्याबरोबर रेझ अब्बासीची गिटार, बास, ड्रम्स. एकाच जातीची दोन वाद्ये, तरी पहिल्या फुंकरीत कोण कुठला ते कळते. गोपालनाथांचा स्वर नादस्वराच्या जवळचा, डुलत डुलत बसणारा. ते राग सोडत नाहीत. महंतप्पाचा स्वर कडक, धारदार. त्याच्या ओळी कोपऱ्याकोपऱ्याने वळतात, रागाबाहेर जातात, परत येतात. कोणी कोणाची नक्कल करत नाही. महंतप्पाने गोपालनाथांकडून उचलले ते अलंकार नव्हेत. पाच-पाच, सात-सात स्वरांचे तुकडे तालावरून आडवे नेऊन नेमक्या समेवर आणून सोडायचे, हा हिशेब त्याने उचलला. खालचे कॉर्ड फिरत राहिले तरी लय ओळीला तोलून धरते. सरकत्या षड्जाच्या अडचणीवर त्याला सापडलेली वाट ती हीच, असे मला वाटते.

म्हणूनच मी म्हणतो की त्याची सर्वांत भारतीय ध्वनिमुद्रिका ‘बर्ड कॉल्स’ (२०१५) आहे. तिच्यात तबला नाही, तानपुरा नाही. ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम्स. पार्करच्या रचना घ्यायच्या, तोडायच्या, त्यांचे वजन हलवायचे. एखादी ओळ तिसऱ्यांदा येते ती लांबी बदलून, आणि समेवर पडते तेव्हा आपली मान आपोआप हलते. हे कान आपल्याकडेच तयार झालेले आहेत, मग आपल्या मंचांवर हे संगीत ऐकू का येत नाही?

कारण आयोजकांना नाव आणि तबला दोन्ही लागतात. कानडी आडनावाचा वादक म्हणजे त्याने ‘भारतीय’ वाजवावे, ही अपेक्षा अमेरिकेत होती आणि आपल्याकडेही आहे. दुसरीकडून आपले शुद्धतावादी विचारतात, तालीम कोणाकडे घेतली? पार्करची तालीम ही तालीम नव्हे काय? बेबॉपच्या एकेका कॉर्डवर आयुष्य घासलेल्या माणसाला मालकंसाची सरगम येते का, अशी परीक्षा घेणे हा अडाणीपणा आहे. आणि सवाल-जवाबावर उसळणारे श्रोते, म्हणजे आपणच, वेगाला दाद देतो, धोक्याला देत नाही. २०१७ ची ‘अग्रिमा’ महंतप्पाने कुठल्याही कंपनीविना स्वतःच बाजारात आणली. त्यात डॅन वाइस तबला आणि ड्रम्स दोन्ही वाजवतो, लॅपटॉपमधून आवाज येतात. कंपनीच्या कपाटात न बसणारे काम असे स्वतःच्या हिमतीवर उभे राहते. त्याला मंच देणे हे तरी आपल्या हातात आहे.

तेव्हा महोत्सव भरवणाऱ्यांना माझे सांगणे आहे : पुढच्या वेळी सॅक्सोफोनवादकाला बोलवाल तेव्हा विमानतळावरून थेट एखाद्या तबलजीसमोर नेऊन बसवू नका. त्याचा स्वतःचा चमू बोलवा, बासवादकासकट. आपल्या कलाकारांना त्याच्याबरोबर बसवायचेच असेल तर आधी आठवडाभर एका खोलीत सराव करू द्या, त्याचे पैसे द्या, आणि आपल्या गायकाला खालचा आधार हलत असताना गायला लावा. तो अडखळेल. अडखळू द्या, तिकीट काढून ते ऐकायला मी येईन.