रुख़सत आणि बैन: मल्टीप्लेअर शूटरमधील पात्रांचे माणूसपण व लखनौचा मर्सिया

मल्टीप्लेअर शूटर, म्हणजे अनेक खेळाडूंनी एकाच वेळी परस्परांविरुद्ध खेळावयाचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम, हा कथनप्रकार मानावा की नाही याविषयी मतभेद संभवतात. त्यातील पात्रे मात्र वीरकाव्यातील योद्ध्यांप्रमाणेच नाव, वेश, शस्त्र आणि वाणी घेऊन अवतरतात. ही पात्रे अधिक ‘माणसासारखी’ वाटावीत यासाठी निर्मात्यांचा भर प्रामुख्याने रूपाच्या बारकाव्यांवर आणि पूर्वचरित्रावर राहिलेला दिसतो. हा भर कितपत योग्य आहे हे तपासण्यासाठी लखनौच्या मर्सियाचे काव्यशास्त्र उपयुक्त ठरते. करबलाचे हौतात्म्य हा श्रद्धेचा विषय आहे; येथे अभिप्रेत असलेली तुलना केवळ रचनातत्त्वांची आहे.

एकोणिसाव्या शतकात लखनौमध्ये मर्सियाला विस्तृत आख्यानरूप लाभले. त्याच्या घडणीचे श्रेय मीर ज़मीर यांना दिले जाते. मीर अनीस (१८०३–१८७४) आणि मिर्ज़ा दबीर (१८०३–१८७५) यांनी ते परिणतीस नेले. या मर्सियाची अंगे आठ मानली जातात: चेहरा (प्रस्तावना), सरापा (नखशिखांत वर्णन), रुख़सत (आप्तांचा निरोप), आमद (रणांगणावरील आगमन), रजज़ (योद्ध्याने स्वमुखाने सांगितलेले कुल व पराक्रम), जंग, शहादत आणि बैन (विलाप). प्रत्येक रचनेत ती सर्वच असतात असे नाही. परंतु या चौकटीत योद्ध्याचे शौर्य नेहमी निरोप आणि विलाप यांच्यामध्ये उभे राहते. तो कोणाचा पुत्र, कोणाचा भाऊ आहे हे श्रोत्याला युद्धापूर्वी निरोपातून आणि युद्धानंतर विलापातून कळते.

हीच चौकट शूटरला लावून पाहिली असता काही अंगे तेथे विपुल प्रमाणात आढळतात. पात्राचे रूप, पोशाख आणि शस्त्रांची सजावट हा सरापा होय. तो तर ‘स्किन’ या नावाने स्वतंत्रपणे विकलाही जातो. सामन्यापूर्वी पात्र ऐटीत समोर येते ती आमद. खेळताना ते जी ठरावीक वाक्ये उच्चारते, त्यांतील आव्हान व आत्मस्तुती हे रजज़चेच रूप. जंग तर सर्वत्र आहेच. उणीव आहे ती रुख़सत आणि बैन यांची.

‘ओव्हरवॉच’मधील (२०१६) सिमेट्रा ऊर्फ सत्या वास्वानी हे पात्र या दृष्टीने उद्बोधक आहे. हैदराबादच्या दारिद्र्यातून एका बलाढ्य कंपनीने उचलून नेलेली ही मुलगी. तिच्या चरित्रात रुख़सतीची सारी सामग्री आहे. पण ती मुख्यतः गेमबाहेरील चित्रकथा आणि परिचयलेख यांत विखुरलेली आहे. प्रत्यक्ष सामन्यात तिचे मरण काही सेकंदांच्या प्रतीक्षेपुरते उरते. ‘व्हॅलोरंट’मध्ये २०२२ साली आलेला हार्बर ऊर्फ वरुण बत्रा आणि पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (२०२४) यांनी भारतीय नाव, वेश व कल्पनाविश्व या क्षेत्रात आणले. तथापि सरापा भारतीय झाल्याने पात्र आपोआप माणूस होत नाही.

मराठी वाचकाला याचा पडताळा पोवाड्यात मिळेल. तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यात तानाजी मोहिमेवर निघतो तो मुलाचे, रायबाचे, लग्न मागे ठेवून. गडावरच्या झुंजीला जे वजन येते ते तलवारीच्या वर्णनापेक्षा या अर्धवट राहिलेल्या घरकार्यामुळे.

मर्सिया आणि शूटर यांतील मूलभूत भेद मात्र नजरेआड करता येत नाही. मजलिशीतील श्रोत्याला शेवट ठाऊक असतो. शूटरमध्ये कोण पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे तेथे विलाप आधी लिहून ठेवता येत नाही. त्यासाठी केवळ जागा ठेवता येते. अशा जागा काही गेममध्ये अजाणता निर्माण झाल्या आहेत. ‘पबजी’मधील पात्राला स्वतःचे चरित्र नाही. तरीही चौघांच्या तुकडीतील एक जण जायबंदी होऊन रांगू लागला की दुसरा गोळीबारात त्याच्यापाशी सुमारे १० सेकंद थांबून त्याला उठवतो. ‘एपेक्स लेजेंड्स’मध्ये (२०१९) मेलेल्या साथीदाराची ओळखपताका ठरावीक अवधीत उचलून विशिष्ट स्थळी न्यावी लागते, तेव्हाच तो परत येतो. ‘व्हॅलोरंट’मध्ये पडलेला खेळाडू फेरी संपेपर्यंत जिवंत साथीदारांकडे पाहत राहतो. या प्रसंगांत पात्राचे माणूसपण त्याच्या चरित्रातून येत नाही, मागे उरलेल्यांच्या कृतीतून येते. उलट ‘पबजी’मध्ये अखेरचा श्वास घेतलेला देह एक पेटी होतो आणि इतर त्यातील सामान लुटतात. मर्सियात ज्या देहाभोवती विलाप उभा राहतो, तो देहच येथे नाहीसा केलेला असतो.

माणूसपणाचा हा आग्रह निर्दोष आहे असे मात्र नाही, आणि याची साक्षही लखनौच देते. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९२४) या कथेत अवध इंग्रजांच्या हाती जात असताना मिर्ज़ा आणि मीर बुद्धिबळात गढलेले असतात. वाजिद अली शाहसाठी त्यांना अश्रू येत नाही. पटावरील वज़ीराच्या प्रतिष्ठेसाठी मात्र ते एकमेकांचा जीव घेतात. लाकडी सोंगटीला चेहरा नसतो, तरी तिच्यासाठी प्राण दिले जातात. सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात हा शेवट बदलला आणि दोघांना जिवंत ठेवून पुन्हा पटाशी बसवले. दोन्ही संहितांचा इशारा एकच आहे: सोंगटीविषयीची आत्मीयता समोर बसलेल्या माणसाविषयीच्या आत्मीयतेची हमी देत नाही.

शूटरमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे प्रतिपक्षाच्या प्रत्येक पात्रामागेही एक माणूस असतो. ‘व्हॅलोरंट’मध्ये तर एकच पात्र दोन्ही बाजूंनी उतरू शकते, आणि हार्बरला हार्बरच मारू शकतो. केवळ स्वपक्षाच्या पात्रांना करुण चरित्र देणे म्हणजे मिर्ज़ा आणि मीर यांची सोंगटीवरील माया वाढवणे होय. म्हणून पात्राला आणखी एक पूर्वचरित्र जोडण्यापूर्वी, ते पडल्यावर उरलेल्यांना, साथीदारांना तसेच प्रतिस्पर्ध्यांनाही, काय करता येते याचा विचार गेमच्या रचनेत व्हावयास हवा. लखनौच्या मर्सियाने विलापाला काव्यरचनेचे अखेरचे अंग मानले. शूटरच्या रचनेत त्याला अद्याप स्थान मिळावयाचे आहे.