मेंढपाळाचें वर्ष आणि मराठी कादंबरी

एखाद्या व्यवसायांतील माणूस कथेंत आला म्हणजे तो व्यवसायही वाङ्मयांत आला, असें आपण सहज समजतों. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. शेतकरी मराठी कथा-कादंबऱ्यांत आला तो आपलें औत, आपलें देणें आणि आपला अवेळीं येणारा पाऊस घेऊन आला. त्याच्या वर्षाचा क्रम वाचकास पाठ झाला. मेंढपाळ मात्र बहुधा क्षितिजावरून जाणारी आकृति म्हणूनच आला. खांद्यावर घोंगडी, हातांत काठी, मागें धूळ, एवढें रेखाटलें कीं लेखकाचें काम संपे. त्याचा दिवस कसा उगवतो, त्याचें वर्ष कोठून कोठें जातें, हें आपल्या गद्यानें फारसें विचारलें नाहीं. या नियमास एक थोर अपवाद आहे, तो म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ सालीं प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’. त्या अपवादाची थोरवी मान्य करून त्याची सीमा कोठें आहे तें दाखवावें, असा आमचा हेतु आहे.

औंध संस्थानच्या माणदेशी मुलखांत एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालविण्यास येतो. मुलें मेंढरांमागें रानांत, त्यामुळें शाळा ओस. पुढें वृद्ध कारभारी त्यास हाताशीं धरतो, वाडी त्याला आपला मानूं लागते, त्याच्या पुढाकारानें तालीम उभी राहते, आणि अखेर दुष्काळ पडून वाडी उठून जाते. एवढ्याच कथानकावर लेखकानें एक अख्खें गांव उभें केलें. त्यानें उपदेश टाळला, आणि दारिद्र्याचें प्रदर्शनही टाळलें. आनंदा रामोशासारखें माणूस मोजक्या शब्दांत असें उभें राहतें कीं, पुस्तक मिटल्यावरही तें वाचकाजवळ बसून राहतें. पुढें ‘सत्तांतर’मध्यें वानरांच्या टोळीकडे ज्या निर्विकार बारकाईनें माडगूळकरांनीं पाहिलें, त्या दृष्टीचीं चिन्हें येथेंच दिसतात.

पण ही कथा सांगतो कोण? मास्तर. मास्तर हा भिंतींचा आणि हजेरीपटाचा माणूस. सकाळीं मेंढरें वाडीबाहेर पडलीं कीं कथेची दृष्टि बहुतेक वाडींतच मागें राहते, आणि दिवस मावळतांना तीं परतलीं कीं पुन्हां त्यांना भेटते. मधला दिवस, म्हणजे धनगराच्या जिण्याचा खरा ऐवज, आपणांस ऐकून कळतो. आणि ज्या क्षणीं वाडी चालूं लागते त्या क्षणीं कादंबरी संपते. मास्तराच्या दृष्टीनें तें योग्यच आहे, कारण त्याच्यापुढें मुलांवांचूनची शाळा उरलेली असते. परंतु वाटेला लागलेल्या कळपाबरोबर जाणारी एक दुसरी कादंबरी तेथून सुरू होते, आणि ती आपल्या भाषेंत लिहिली गेली नाहीं. डॉ. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’शीं (१९७१) तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. तेथें निवेदक नारबा हा स्वतःच शेतावरचा गडी आहे. म्हणून ट्रॅक्टर आल्यावर काय तुटलें, तें वाचकास निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

तें न लिहिलेलें वर्ष असें असतें. मृगापासून मेंढरें घरच्या उघड्या माळावर राहतात. फार चिखलांत त्यांचे खूर कुजतात, म्हणून जे कळप कोंकणांत उतरलेले असतात तेही पावसाळ्याच्या तोंडाशीं घाट चढून परततात. पाऊस ओसरला कीं मेंढरें धुऊन कातरणी होते. काळी लोकर निराळी, पांढरी निराळी. कोंकराची पहिली लोकर तें जावळ. त्याची घोंगडी मऊ, म्हणून तिचा मान मोठा. बाया सूत काततात, सणगर मागावर विणतो, चिंचोक्यांची खळ देऊन घोंगडी कडक करतात. दिवाळीनंतर वाडा हलतो. घोड्यांवर संसार चढतो, भांड्यांबरोबर कोंबड्या, लहान मुलें आणि आदल्या रात्रीं जन्मलेलीं कोंकरें चढतात. एखाद्या मोकळ्या झालेल्या शेतांत वाघर लावून कळप बसवितात. रात्रभराच्या लेंड्या-मुताचें खत शेतकऱ्यास मिळतें, आणि त्याच्या मोबदल्यांत धान्य किंवा रोकड धनगरास मिळते. या सौद्यांत दोघांची पिढ्यान् पिढ्यांची ओळख आणि संशय दोन्ही असतात. सायंकाळीं कोंकरें सोडलीं म्हणजे शेंकडों आयांच्या कालव्यांतून प्रत्येक पिल्लू आपली आई शोधून काढतें. उन्हाळ्यांत बाभळीच्या शेंगांवर आणि पाणवठ्यांच्या माहितीवर दिवस काढावे लागतात. रात्रीं लांडग्याची भीति बारमाही.

सोयगांवकडील वाचकास हें सांगण्याची गरज नाहीं. अजिंठ्याच्या डोंगराखालीं, खानदेशाच्या अंगास असलेल्या त्या काळ्या रानांत कापसाची वेचणी संपली कीं पऱ्हाट्यांतून मेंढरें फिरतात. अजिंठ्याचीं लेणीं याच तालुक्यांत आहेत. १८१९ सालीं शिकारीस निघालेला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी तेथें पोंचला. एका गुराखी पोरानें त्यास वाट दाखविली, अशी आख्यायिका सांगतात. दहाव्या लेण्यांत स्मिथनें खरडलेलें नांव राहिलें, पोराचें नांव कोणास ठाऊक नाहीं. आख्यायिका खरी असो वा नसो, आपल्या लेखी वाङ्मयांतील मेंढपाळाचें स्थान तिनें नेमकें सांगितलें आहे.

‘लेखी’ हा शब्द आम्ही जाणून वापरतों. कारण मौखिक वाङ्मयांत धनगर मुका नाहीं. ढोलाच्या तालावर सुंबरान मांडून रात्र रात्र चालणारी त्याची ओवी हें एक स्वतंत्र महाकाव्यच आहे. गाऊन झालेला भाग पुन्हां गद्यांत सांगण्याची तिची रीत कथनाच्या दृष्टीनें अभ्यासण्याजोगी आहे. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडितानें बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांजवरील आपला ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध केला तो या ओव्यांच्या आधारानें. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथांत विठ्ठलाचें मूळ गवळी-धनगरांच्या देवांत शोधलें. म्हणजे आपल्या आराध्य दैवताचा माग ज्याच्या वाड्यापर्यंत जातो, त्याचा एक साधा दिवसही आपल्या कादंबरीस अनोळखी राहिला आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, कलाकृति म्हणजे पशुसंवर्धनाची पोथी नव्हे. आक्षेप वाजवी वाटतो, पण टिकत नाहीं. रोमन कवि व्हर्जिल यानें ‘जॉर्जिक्स’चा तिसरा खंड गुरेंमेंढरें पाळण्यासच दिला, आणि त्यानें काव्यास उणेपणा आला असें कोणी म्हणत नाहीं. इंग्लंडांत जेम्स रीबँक्स या मेंढपाळानें २०१५ सालीं आपल्या डोंगरी मेंढवाड्याचें वृत्त ऋतुक्रमानें लिहिलें. उन्हाळ्यापासून वसंतापर्यंतच्या त्या कामांतच त्याचा बाप, आजा आणि त्याचा अभिमान दिसतो. पेरूच्या पठारावरील अल्पाका पाळणारा असो कीं माणदेशचा धनगर असो, त्याचा स्वभाव कामाच्या तपशिलांतूनच कळतो. तपशील वगळून उरतें ती काठी आणि घोंगडी.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ‘बनगरवाडी’च्या अखेरीचें स्थलांतर हें दुष्काळाचें आहे, नित्याचें नव्हे, तेव्हां त्यांत भटकंतीचें शहाणपण शोधणें अन्यायाचें होईल. हें आम्हांस मान्य आहे. मात्र नित्याचें जाणें वाचकास आधीं ठाऊक असतें, तर त्या दिवशींचें जाणें किती निराळें आहे हें त्याला अधिक तीव्रतेनें जाणवलें असतें. नेहमीं परतणारा माणूस परतण्याची खात्री नसतांना निघाला, यांतील दुःख निव्वळ घर सोडण्याच्या दुःखाहून मोठें आहे.

ही मागणी आजच करण्याचें कारण आहे. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीस गिऱ्हाईक उरलें नाहीं. अनेक ठिकाणीं कातरणीची मजुरीही त्या लोकरींतून सुटत नाहीं. मेंढी आतां मुख्यतः मांसासाठीं पाळली जाते. मागाचा आवाज थांबला कीं जावळ, खळ, वाघर हे शब्द प्रथम कोशांत जातात आणि मग तेथूनही निघून जातात. धनगरांचीं मुलें आज शाळेंत येतात, पदव्या घेतात. ‘बनगरवाडी’च्या मास्तरानें ज्यांना पाटीवर अक्षर काढावयास बसविलें, त्यांच्या नातवंडांपैकीं कोणी आपल्या आजाच्या वाटेनें एक वर्ष चालून तें लिहून काढलें, तर माडगूळकरांच्या पुस्तकास खरें उत्तर मिळेल. तें पुस्तक ‘बनगरवाडी’हून सरस असलेंच पाहिजे असें नाहीं. वाडी उठून गेल्यावर ती कोठें पोंचली, एवढें जरी त्यानें सांगितलें, तरी आम्ही तें आनंदानें वाचूं.